होमस्टेच्या साइटवर बुकिंगचं प्लगइन टाकण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वेळणेश्वरला चार खोल्यांचा होमस्टे, साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर, ती पुण्याच्या भाच्याने करून दिलेली. दिवाळीच्या सुट्टीआधी ऑनलाइन बुकिंग सुरू करायचंय. भाच्याने एक प्लगइन, म्हणजे साइटला नवी सोय जोडणारा प्रोग्राम, शोधलं. त्याच्या मोफत आवृत्तीच्या पानावर दहा हजारांहून जास्त साइट्सची नोंद आहे. त्याचंच 'प्रो', म्हणजे पैसे देऊन घ्यायची आवृत्ती, टेलिग्रामच्या एका ग्रुपवर तीनशे रुपयांत मिळालं, ते दोन दिवस चालवूनही पाहिलं. पाहुण्यांकडून आधार कार्डाचा फोटो आधीच मागवायची सोय त्यात आहे, ती तुम्हाला आवडली. आणि विचारताय की हे सुरक्षित आहे का, कोड वाचता येत नसताना ओळखायचं कसं.

टेलिग्रामवरचं 'प्रो' आजच काढून टाका. यावर चर्चा नको. भाचा म्हणेल की वर्डप्रेसची प्लगइन्स जीपीएल या खुल्या वाटपाची मुभा देणाऱ्या परवान्याखाली असतात, पुन्हा वाटली तर बेकायदा नाही. परवान्यापुरतं ते बरोबर आहे. पण मधल्या माणसाने ती झिप फाइल उघडून आत काय घातलं, हे परवाना सांगत नाही. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर कित्येक वर्षं नेमका अशाच 'नल्ड', म्हणजे परवान्याची अडवणूक काढून फुकट-स्वस्तात वाटलेल्या, थीम्स (साइटचं रूप ठरवणारे साचे) आणि प्लगइन्समधून पसरला. तो साइटवरच्या सगळ्या थीम्समध्ये शिरायचा, आणि त्याच होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची सर्व्हरवरची जागा) खात्यावर दुसऱ्या साइट्स असतील तर त्यांच्यातही. भाच्याने तुमच्याच होस्टिंगवर आणखी कुणाची साइट ठेवली असेल तर त्यांनाही कळवा. शिवाय असल्या प्रतीला मूळ कंपनीचे अपडेट मिळत नाहीत, म्हणजे आज ती स्वच्छ असली तरी सहा महिन्यांनी सुरक्षेतलं भोक सापडल्यावर तुम्ही उघड्यावर.

आता मोफत आवृत्तीकडे येतो. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकताना ते कॅमेरा मागतं, लोकेशन मागतं, आपण नाही म्हणू शकतो. वर्डप्रेसमध्ये तसं काही नाही. प्लगइन चालू केलं की त्याला सगळा डेटाबेस वाचता येतो, फाइली लिहिता येतात, नवीन अ‍ॅडमिन तयार करता येतो. साध्या हवामानाच्या पट्टीलाही तेवढेच अधिकार आणि बुकिंगलाही तेवढेच. म्हणून मी 'हे प्लगइन सुरक्षित आहे का' असं विचारतच नाही. त्याच्या मागे कोण आहे, भोक सापडलं तेव्हा ते लोक कसे वागले, आणि उद्या काही बिनसलं तर माझ्या साइटवरून नेमकं काय जाईल, एवढं मी बघतो.

यातला तिसरा प्रश्न पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आधार मागवूच नका. वर्डप्रेसमध्ये चढवलेली फाइल, प्लगइनने वेगळी काळजी घेतली नसेल तर, 'अपलोड्स' फोल्डरात वर्ष-महिन्याच्या कप्प्यात जाऊन पडते. तिचा पत्ता कळला की कुणालाही ती लॉगिन न करता उघडता येते. होस्टिंगची सेटिंग ढिली असेल तर अख्ख्या फोल्डरची यादीच दिसते आणि ती गूगललाही सापडते. पाहुणा दारात आला की ओळखपत्र बघा, वहीत नोंद करा. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती द्यावी लागते, पण ती सरकारी पोर्टलवर. तुमच्या साइटचा त्याच्याशी संबंध नाही. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा रोखही असाच आहे की माहिती ज्याने गोळा केली त्याने ती जपायची. 'प्लगइनवाल्याची चूक होती' हे उत्तर तिथे चालत नाही. पैशांचंही तसंच. पेमेंट गेटवेच्या स्वतःच्या पानावर पाहुणा जाऊन पैसे भरतो अशी रचना घ्या. कार्डाचा नंबर तुमच्या साइटवरच्या चौकटीत टाइप होता कामा नये.

एवढं केल्यावर साइटवर उरतं नाव, फोन आणि तारखा. हेही कमी नाही. कोण कधी घराबाहेर असणार याची ती यादीच असते. पण आधारच्या फोटोंपुढे धोका खूपच लहान.

मग प्लगइनचं अधिकृत पान उघडा. उजवीकडच्या रकान्यात शेवटचं अपडेट कधी, किती साइट्सवर चालू, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलेलं, हे दिसतं. यातलं 'तपासलेलं' लेखकाने स्वतः लिहिलेलं असतं, कुणी तिसऱ्याने तपासून शिक्का मारलेला नसतो. त्यामुळे तो आकडा ताजा असण्याला फारसा अर्थ नाही, पण जुना असेल तर अर्थ आहे: लेखकाला एक ओळ बदलायलाही वेळ नाही. शेवटचं अपडेट वर्षापूर्वीचं असेल तर बुकिंगसारख्या कामाला मी ते घेत नाही. छोट्या, एकच काम करणाऱ्या प्लगइनला वर्षभर अपडेट नसलं तरी एक वेळ चालेल.

साइट्सच्या आकड्याने लोक फार भुलतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये असं भोक सापडलं की लॉगिन न केलेला कुणीही साइटवर फाइल चढवून चालवू शकत होता. ते सात लाख साइट्सवर होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाइटस्पीड कॅश, पन्नास लाखांहून जास्त साइट्स. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी, चाळीस लाख. हे शेवटचं तर सुरक्षेचंच प्लगइन, आणि त्यातली दुहेरी पडताळणीची सोय चालू केलेल्या साइट्सवरच हल्लेखोराला पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन म्हणून आत येता येत होतं. तरीही मोठ्या आकड्याचा एक फायदा खरा आहे: त्यावर संशोधकांची नजर असते आणि भोक सापडल्यावर कंपनीवर दबाव येतो. रिअली सिंपलच्या वेळी वर्डप्रेसच्या टीमने दुरुस्त आवृत्ती साइट्सवर आपणहून ढकलली होती. तुमचं दहा हजारवालं प्लगइन मधल्या गटातलं. तिथे लेखक कसा आहे यावर सगळं अवलंबून.

पंचतारांकित अभिप्राय सोडून द्या. एक ताऱ्याचे वाचा, आणि सपोर्टचा टॅब उघडून गेल्या दोन महिन्यांतले किती प्रश्न सुटले ते बघा. बुकिंग दोनदा पडतंय, ईमेल जात नाही, अशा तक्रारींना उत्तर मिळालंय का? साध्या तक्रारीला महिनाभर जो उत्तर देत नाही, तो सुरक्षेच्या ईमेलला तासाभरात देईल असं धरून चालू नका. मग चेंजलॉग, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद. प्रामाणिक लेखक स्पष्ट लिहितो की अमुक ठिकाणी परवानगी तपासली जात नव्हती, ती आता तपासली जाते, अमुक संशोधकाने कळवलं, आभार. काहीजण तेच 'किरकोळ सुधारणा' म्हणून दडवतात. दडवणाऱ्याचं प्लगइन मी टाळतो, कितीही देखणं असलं तरी. कारण मग एखादं अपडेट तातडीचं आहे की निवांत घेतलं तरी चालेल, हे मला कळायला मार्गच उरत नाही.

आता सगळ्यात कामाची तपासणी. वर्डफेन्स, पॅचस्टॅक आणि डब्ल्यूपीस्कॅन या सुरक्षेचं काम करणाऱ्या तिघांच्याही भेद्यतांच्या, म्हणजे सापडलेल्या भोकांच्या, याद्या आहेत, त्यांच्या साइटवर जाऊन शोधता येतात. प्लगइनचं नाव टाका. जुनी भोकं दिसली की माणसं दचकतात आणि यादी कोरी असली की निर्धास्त होतात. मी उलटा वागतो. दहा हजार साइट्सवरच्या, पाच वर्षं जुन्या बुकिंग प्लगइनची यादी कोरी असेल तर बहुधा कुणी नीट बघितलेलंच नाही. दोन-तीन नोंदी असतील, प्रत्येकीसमोर दुरुस्त आवृत्तीचा क्रमांक असेल आणि ती दुरुस्ती भोक जाहीर होण्याआधीच आली असेल, तर मला उलट बरं वाटतं. 'दुरुस्ती उपलब्ध नाही' अशी एकही नोंद असेल तर विषय संपला. एकाच जातीचं भोक परत परत येत असेल तरीही संपला. तो लेखक छिद्र बुजवतोय, सवय बदलत नाहीये.

नोंद वाचताना तीव्रतेच्या गुणांच्या आकड्यापेक्षा एक शब्द शोधा: 'अनऑथेंटिकेटेड'. म्हणजे लॉगिन नसलेल्या कुणालाही जमेल असं. हे गंभीर. 'काँट्रिब्युटर' पातळीवरून शक्य असं लिहिलं असेल तर आधी साइटवर खातं लागतं. तुमच्या साइटवर खाती दोन, तुमचं आणि भाच्याचं, त्यामुळे तुमच्यापुरता तो धोका थोडा. मात्र बुकिंग करताना प्रत्येक पाहुण्याला खातं उघडायला लावणारं प्लगइन असेल तर हे गणित फिरतं. म्हणून मी खातं न मागणारी रचना निवडतो. पाहुण्यांनाही तीच बरी वाटते, रेंज जेमतेम असलेल्या एसटीत बसून कोण पासवर्ड बनवत बसतंय.

पुढची चाचणी तुम्ही स्वतः, कोडची एक ओळ न बघता करू शकता. अधिकृत यादीतल्या बऱ्याच प्लगइन्सना 'लाइव्ह प्रीव्ह्यू'चं बटण असतं, त्यात ब्राउझरमध्येच तात्पुरतं वर्डप्रेस उभं राहतं. ते नुसतं तोंडओळखीला. खऱ्या चाचणीसाठी भाच्याला होस्टिंगवर साइटची वेगळी चाचणी-प्रत करायला सांगा. त्या प्रतीवर दोन खोटी बुकिंगं करा, एक तुमच्या नावाने, दुसरं जाऊबाईंच्या. बुकिंग झाल्यावर जे पक्कं झाल्याचं पान येतं, त्याचा पत्ता कॉपी करा आणि इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, उघडा. उघडलं तर पत्त्यात बुकिंगचा क्रमांक कुठे दिसतो ते बघा. समजा शेवटी ४१ आहे. तिथे ४२ करा. जाऊबाईंचं नाव आणि फोन समोर आला तर प्लगइन तिथेच काढून टाका, बाकी काही तपासायची गरज नाही. उद्या कुणीही एकेक आकडा वाढवत तुमच्या सगळ्या पाहुण्यांची यादी उतरवून घेऊ शकतो. चांगल्या प्लगइनमध्ये त्या जागी लांबलचक, अंदाज न बांधता येणारी अक्षरं असतात, किंवा लॉगिनशिवाय पान उघडतच नाही. बुकिंग रद्द करायची आणि पावती डाउनलोड करायची लिंकही अशीच तपासा. पान नीट सांभाळलेलं आणि पावतीची पीडीएफ मात्र उघडी, असं बऱ्याचदा असतं. फॉर्ममध्ये फाइल चढवायची सोय बंद करता येत नसेल तर एखादा समुद्राचा फोटो चढवून त्याचाही पत्ता इनकॉग्निटोत उघडून बघा. हे सगळं फक्त आपल्या चाचणी-प्रतीवर. दुसऱ्याच्या साइटवर आकडे बदलून बघणं हा वेगळाच विषय होतो.

भाच्यासाठी थोडं तांत्रिक. अधिकृत पानावरून झिप उतरव आणि एडिटरमध्ये शोध. मजकुरालाच कोड म्हणून चालवणारं 'इव्हॅल' दिसलं, त्याच्या पोटात सांकेतिक मजकूर उलगडणारं 'बेस सिक्स्टीफोर डीकोड' असलं, तर थांब. नुसतं बेस सिक्स्टीफोर सापडलं म्हणून घाबरू नकोस, चित्रं आणि परवान्याच्या किल्ल्यांसाठी ते सर्रास वापरतात. लॉगिन नसलेल्यांसाठी उघडी असलेली अजॅक्सची दारं (पान मागे न बदलता सर्व्हरशी बोलायचे पत्ते) शोध, आणि रेस्टच्या (बाहेरून माहिती मागायच्या पत्त्यांच्या) प्रत्येक मार्गावर परवानगीच्या जागी सरळ 'हो' परत करणारं फंक्शन तर लावलेलं नाही ना ते बघ. खोल्यांची उपलब्धता दाखवायला उघडं दार ठीक, बुकिंगची यादी द्यायला नाही. दोन गैरसमज बुकिंग प्लगइन्समध्ये फार दिसतात. 'इज अ‍ॅडमिन' हे फंक्शन समोरचा माणूस अ‍ॅडमिन आहे का हे सांगत नाही, फक्त विनंती अ‍ॅडमिनच्या भागातून आली का एवढंच सांगतं. आणि नॉन्स (विनंती आपल्याच पानावरून आली याची तात्पुरती खूण) तपासला की परवानगी तपासली असं होत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स या लाखभर साइट्सवरच्या प्लगइनमध्ये परवानगीची तपासणीच सुटली होती. हल्लेखोरांनी बाहेरूनच सेटिंग बदललं: कुणालाही नोंदणी करता येईल, आणि नवीन माणूस थेट अ‍ॅडमिन होईल. मग साधेपणाने नोंदणी करून आत आले.

सोबत आलेल्या तिसऱ्यांच्या लायब्रऱ्याही (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बघ, किती जुन्या आहेत आणि त्यांची नमुना फाइल मागे राहिलीय का. वर सांगितलेलं फाइल मॅनेजरचं भोक तसंच होतं. एलफाइंडर या लायब्ररीसोबत एक नमुना फाइल येते, मुद्दाम न चालणाऱ्या नावाने. तिचं नाव चालण्याजोगं करून ती तशीच ठेवून दिली होती, आणि ती थेट पत्त्यावरून चालवता येत होती. म्हणूनच नको असलेलं प्लगइन नुसतं बंद करून ठेवू नये, पूर्ण काढावं. बंद केलं तरी फाइली सर्व्हरवर पडून राहतात. आंबेवाल्यांच्या साइट्सवर हे हमखास दिसतं: मार्च ते मे ऑर्डरचं प्लगइन, कुरिअरचं प्लगइन, कूपनचं प्लगइन, आणि जूनपासून नऊ महिने त्या साइटकडे कुणी फिरकत नाही.

यावरून येतो अपडेटचा मुद्दा. तुम्ही आज जे तपासाल ते आजचं प्लगइन. वर्डप्रेसच्या यादीत नवं प्लगइन दाखल होताना माणूस ते तपासतो, पण पुढचं प्रत्येक अपडेट तसं तपासलं जात नाही. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स हे दोन लाख साइट्सवरचं प्लगइन विकलं गेलं आणि नव्या मालकाने त्यात मागचं दार घातलं. त्याच वर्षाच्या शेवटी कॅप्चा नावाच्या, तीन लाख साइट्सवरच्या प्लगइनचंही तसंच झालं. २०२४ च्या जूनमध्ये तर विक्रीचीही गरज पडली नाही. काही लेखकांचे दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून त्यांची खाती ताब्यात घेतली गेली आणि सोशल वॉरफेअरसकट पाच प्लगइन्समधून विषारी अपडेट गेलं. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून प्लगइनच्या लेखकांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली.

हे वाचून 'मग आपोआप अपडेट बंदच ठेवतो' असं म्हणणारे मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. विषारी अपडेट क्वचित येतं. दुरुस्ती आलेली असूनही न घेतलेल्या साइट्सवरचे हल्ले रोजचे आहेत. आणि आपल्याकडची परिस्थिती बघा. जूनमध्ये पाऊस लागला की होमस्टे जवळपास रिकामे, लाइट जाते-येते, तुम्ही लॅपटॉप उघडणार गणपतीत. पण साइटचा सर्व्हर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये बारा महिने चालू असतो, आणि हल्ला करणारे बॉट पावसाळी सुट्टी घेत नाहीत. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्रत्येक प्लगइनला आपोआप अपडेटचं बटण आहे, ते चालू ठेवा. सोबत रोजचा बॅकअप, आणि तो होस्टिंगच्या बाहेर कुठेतरी. प्लगइनचा मालक बदलल्याचं कानावर आलं तर मात्र त्याच दिवशी वरच्या भेद्यतांच्या यादीत पुन्हा नाव टाकून बघा. मालक बदलणं हे कारण मला एकटंच पर्याय शोधायला पुरेसं असतं.

माझा कल विचाराल तर चार खोल्यांसाठी मोफत आवृत्तीतलं उपलब्धतेचं कॅलेंडर आणि चौकशीचा फॉर्म, एवढंच ठेवा. बुकिंग फोनवर पक्कं करा, अ‍ॅडव्हान्स यूपीआयवर किंवा गेटवेच्या लिंकवर घ्या. आधी खोल्या दहा होऊ देत. आणि 'प्रो'च हवं असेल तर मूळ कंपनीकडून घ्या. एका रात्रीच्या भाड्याच्या हिशेबात ते फार महाग पडत नाही.

राहिलं ते दोन दिवस चाललेलं 'प्रो'. नुसतं काढून भागणार नाही, मधल्या काळात त्याने काय पेरलं ते माहीत नाही. वापरकर्त्यांची यादी उघडा, तुम्ही आणि भाचा सोडून कुणी अ‍ॅडमिन आहे का बघा. यादीतून नाव लपवताही येतं, म्हणून यादीच्या वर लिहिलेला अ‍ॅडमिनचा आकडा आणि खाली दिसणारी नावं जुळतात का तेही मोजा. सर्वसाधारण सेटिंगमध्ये 'कुणालाही नोंदणी करता येईल'वर खूण नको. मग 'प्रो' टाकण्याच्या आदल्या दिवसाचा बॅकअप परत बसवा, आणि तो बसल्यावर वर्डप्रेस, होस्टिंग, डेटाबेस आणि त्या साइटशी जोडलेल्या ईमेलचे पासवर्ड बदला. आधी बदलाल तर जुनं दार उघडं असताना नवे पासवर्डही बाहेर जातील. चाचणीत कुणा पाहुण्याचा खरा आधार फोटो चढला असेल तर त्याला फोन करून सांगा. तुमच्याकडे स्वतःचा बॅकअप नसेल तर होस्टिंगवाल्याला उद्यावर न टाकता आजच विचारा. बरेचजण ठराविक दिवसांच्याच प्रती ठेवतात, आणि तुम्हाला हवी असलेली स्वच्छ प्रत त्यातून कधीही गळून जाईल.